खऱ्याची पारख : अ‍ॅनिमेच्या वस्तू आणि मनापासून केलेले फसलेले चित्रपट यांच्या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी जी मुले-मुली काचेच्या कपाटासमोर उभी राहतात, त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. वरच्या खणांतल्या या अ‍ॅनिमेच्या म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांतल्या पात्रांच्या मूर्ती कुठून आणि कशा आणायच्या, हा पहिला प्रश्न. आणि खालच्या खणात जुन्या, साऱ्या जगाने नावे ठेवलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी कशासाठी जपल्या आहेत, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकच आहे, म्हणून हा लेखही दोन्हींसाठी एकत्र लिहिला आहे. समोरची वस्तू कोणी तरी जीव ओतून केली आहे की दुसऱ्याच्या कष्टांवर पैसे कमावण्यासाठी उरकली आहे, हे ओळखण्याची नजर दोन्ही छंदांत लागते, आणि एका छंदात ती आली की दुसऱ्यात आपोआप उपयोगी पडते.

आधी मालिका, मग वस्तू

सुरुवात खरेदीने करू नये. जी मालिका शेवटपर्यंत पाहिली आहे आणि संपल्यावरही जिच्यातले एखादे पात्र आठवडाभर मनातून गेले नाही, तिचीच वस्तू घ्यावी. हा नियम कडक वाटेल, पण एखाद्या पात्राचा चेहरा सगळीकडे दिसतो म्हणून घेतलेली मूर्ती वर्षभरात विकायला निघते आणि ती विकताना निम्मे पैसेही परत येत नाहीत, हे मी माझ्या ओळखीच्या किमान तिघांच्या बाबतीत पाहिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एक वही करावी. तिच्यात वस्तूचे नाव, कंपनी, तारीख, मूळ किंमत, टपालखर्च, कर आणि विक्रेता हे रकाने आखावेत. महिन्याला किती खर्चायचे तो आकडा पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. विद्यार्थ्यांसाठी आणखी एक उपाय सुचवते: चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून भिशी लावावी, म्हणजे दर महिन्याला एकाची मोठी वस्तू येते आणि कोणालाही उसनवारी करावी लागत नाही.

पहिली खरेदी मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, एका खंडाची करावी, असे माझे मत आहे. इंग्रजी मांगाचे अधिकृत खंड भारतात पुस्तकांच्या दुकानांतून सहज मिळतात, त्यांवर आयातीचा वेगळा व्याप नसतो, आणि मूळ चित्रकाराची रेषा कशी आहे हे डोळ्यांत बसले की पुढे मूर्ती पारखणे सोपे जाते. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. पहिली दहा पाने अवघडल्यासारखे होते, मग हात सरावतो.

प्रकार समजून घ्या

मूर्तींना या छंदातले सगळेच 'फिगर' म्हणतात, तेव्हा तोच शब्द वापरते. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो किमतींमुळे. एकाच पात्राची एक फिगर दोन-तीन हजारांत दिसते, दुसरी पंधरा-वीस हजारांत, आणि तिसरी पाचशेत. आणि मग पाचशेची घेऊन मोकळे व्हावेसे वाटते.

स्केल फिगर म्हणजे पात्राच्या मानलेल्या उंचीच्या ठरावीक प्रमाणात केलेली मूर्ती. १६० सेंटीमीटर उंचीचे पात्र १/७ प्रमाणात साधारण २३ सेंटीमीटरचे होते आणि १/८ प्रमाणात २० सेंटीमीटरचे. या सर्वांत महाग असतात, कारण त्यांचे घडवणे आणि रंगवणे बारकाईचे असते. बहुतेक वेळा त्या आगाऊ नोंदणीवर निघतात. नोंदणीनंतर वस्तू हाती यायला कित्येक महिने लागतात आणि तारीख पुढे जाणे हा नेहमीचा अनुभव आहे, म्हणून पैसे अडकवताना याचा विचार करावा.

प्राइझ फिगर या जपानमधल्या खेळघरांतल्या, चिमट्याने वस्तू उचलायच्या यंत्रांत बक्षीस म्हणून ठेवण्यासाठी केलेल्या असतात. बानप्रेस्टो हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव. रंगकामाचे टप्पे कमी असल्यामुळे त्या स्वस्त पडतात, पण त्या पूर्णपणे अधिकृत असतात. स्वस्त म्हणजे नकली नव्हे, हे नवख्याने पक्के लक्षात ठेवावे; माझ्या कपाटातल्या निम्म्याहून अधिक फिगर प्राइझ प्रकारातल्या आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

नेंडोरॉइड ही गुड स्माइल कंपनीची, मोठे डोके आणि लहान अंग असलेली, सुमारे १० सेंटीमीटर उंचीची मालिका २००६ मध्ये सुरू झाली. हिचे चेहरे आणि हात बदलता येतात. घरात जागा कमी असेल तर इथून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे.

गुनप्ला, म्हणजे गुंडाम मालिकेतल्या यंत्रमानवांचे स्वतः जोडायचे संच, हा मात्र वेगळ्याच जातीचा आनंद आहे, आणि त्यावर मला जरा थांबायचे आहे. गुंडाम ही यंत्रमानवांची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर १९७९ मध्ये सुरू झाली, ५२ भागांची आखली होती, पण प्रेक्षक मिळेनात म्हणून ४३ भागांत गुंडाळली गेली. त्यानंतर जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातल्या यंत्रमानवाचे १/१४४ प्रमाणातले, ३०० येन किमतीचे, स्वतः जोडायचे प्रतिरूप बाजारात आणले, मालिकेचे पुनःप्रक्षेपण झाले, आणि पडलेल्या मालिकेला लोकांनी डोक्यावर घेतले. पहिल्या फटक्यात अपयशी ठरलेल्या कामाला नंतर प्रेक्षक सापडतो, ही गोष्ट खालच्या खणाकडे वळताना पुन्हा उपयोगी पडेल.

आजच्या गुनप्लाला गोंद लागत नाही. भाग एकमेकांत दाबून बसतात. नवख्याने १/१४४ प्रमाणातला हाय ग्रेड प्रतीचा किंवा त्याहून सोपा एंट्री ग्रेडचा संच घ्यावा. हाय ग्रेडचे भाग प्लास्टिकच्या चौकटीला, म्हणजे रनरला, जोडलेले असतात. ते हाताने पिळून तोडू नयेत. निपरने, म्हणजे कापणीच्या छोट्या पकडीने, पहिला काप भागापासून थोडा दूर घ्यावा, भाग मोकळा झाल्यावर दुसरा काप अगदी जवळून घ्यावा, आणि उरलेला पांढरा ठिपका बारीक पॉलिश पेपरने, आधी ६०० आणि मग १००० नंबरच्या, हलक्या हाताने घासावा. हा कागद कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यासाठी छंदाचे महागडे साहित्य मागवायची गरज नाही.

डोळ्यांपासून पारखा

नकली फिगरला या छंदात 'बूटलेग' म्हणतात. माझी पहिली फिगर बूटलेग होती. पुण्यातल्या एका जत्रेसारख्या विक्रीत मी ती घेतली, घरी आणून डबा उघडला तेव्हा रॉकेलसारखा उग्र वास आला, मान खोबणीत बसेना, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर छापलेला होता. पैसे गेले याचे दुःख नंतर ओसरले. ज्या पात्रावर माझा जीव होता त्याचा चेहरा असा विद्रूप झालेला पाहून जे वाईट वाटले, ते अजून आठवते.

गणपतीची मूर्ती ठरवायला गेलेला जाणता माणूस आधी डोळ्यांची आखणी पाहतो, सोंड आणि मुकुट मागाहून. फिगरचेही तसेच आहे. अस्सल फिगरचे डोळे साच्याने छापलेले असतात, दोन्हींची पातळी आणि नजरेची दिशा जुळते, बुबुळातल्या छटा स्वच्छ असतात. त्यानंतर केसांची टोके पाहावीत: अस्सलमध्ये ती निमुळती होतात, नकलीत बोथट आणि जाडसर राहतात. कातडीचा रंग अस्सलमध्ये मंद असतो, नकलीत तेल लावल्यासारखा चमकतो. दोन रंगांच्या सीमेवर एक रंग दुसऱ्यात पसरला असेल, तर ती वस्तू तिथेच ठेवावी.

डब्यावर उत्पादकाचे नाव आणि हक्कधारकाची ओळ असते. ड्रॅगन बॉल किंवा वन पीस यांसारख्या तोएई अ‍ॅनिमेशनच्या मालिकांच्या जपानी डब्यांवर बहुधा त्या संस्थेचा मांजराचे चित्र असलेला चकचकीत शिक्का चिकटवलेला असतो. मात्र शिक्क्याचीही नक्कल होते, म्हणून एकट्या शिक्क्यावर विश्वास टाकू नये. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे प्रत्यक्ष वस्तूचे आणि डब्याच्या तळाचे छायाचित्र मागावे. फक्त कंपनीचेच जाहिरातीचे छायाचित्र दाखवणारा आणि मागूनही दुसरे न देणारा विक्रेता सोडून द्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या फिगरची उंची आणि मूळ किंमत दिलेली असते. नवीकोरी फिगर मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शात मिळत असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते.

परदेशातून मागवताना

इथे थोडक्यात सांगते, कारण नियम बदलत राहतात. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले होते. पार्सलवर नेमका कोणता दर लागणार हे वर्गीकरणावर ठरते, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात चालू दर पाहून घ्यावा. शुल्क फक्त वस्तूवर नव्हे, टपालखर्च धरून झालेल्या रकमेवर लागते. 'भेटवस्तू' असे लिहून पाठवले की कर लागत नाही, हा समज जुना आहे. परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधे यांच्यासाठी ती चालू राहिली. मी स्वतः वहीत मूळ किमतीच्या दुप्पट रक्कम आधी मांडते आणि ती परवडत असेल तरच नोंदणी करते. पाचशे-हजारांच्या कीचेन किंवा अक्रिलिक स्टँडसाठी परदेशी मागणी करू नये. त्या मुंबईच्या कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळाव्यात, हातात घेऊन, पारखून घ्याव्यात.

ऊन, दमट हवा आणि कृष्णेचे पाणी

फिगर बहुतांशी पीव्हीसी आणि एबीएस या प्लास्टिकच्या असतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या खिडकीजवळचे कपाट अक्षरशः तापते. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते आणि एका पायावर उभी असलेली फिगर हळूहळू झुकू लागते. झुकलेला भाग गरम, पण उकळत्या नव्हे अशा पाण्यात मिनिटभर धरावा, बोटांनी सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा; बहुतेक वेळा तो पुन्हा जागेवर येतो. उन्हाने उडालेला रंग मात्र परत येत नाही. म्हणून कपाट आतल्या भिंतीला असावे.

बंद डब्यात वर्षानुवर्षे ठेवलेली फिगर चिकट होते. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून मिसळलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते, त्याचा हा परिणाम. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावे आणि सावलीत वाळवावे. थिनर किंवा स्पिरिट लावू नये, रंगच निघून येतो. पावसाळ्यात डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळाली की कपाटाची दारे तासभर उघडी टाकावीत.

आणि आता खास सांगलीकरांसाठी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या वेळी आम्ही शामरावनगरला तळमजल्यावर राहत होतो. घरातली माणसे आणि कागदपत्रे वेळेत बाहेर निघाली, हेच मोठे. पण पलंगाखाली ठेवलेले रिकामे डबे आणि मांगाचे दोन खोके चिखलात गेले. फिगर धुऊन स्वच्छ करता आल्या, मांगाचा लगदा झाला. तेव्हापासून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात कागदी वस्तू प्लास्टिकच्या झाकणबंद पेट्यांत भरून माळ्यावर चढवते, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून ठेवते, आणि पातळी ३५ फुटांवर गेल्याची बातमी आली की खालचे दोन खण रिकामे करते. नदीकाठच्या भागात राहणाऱ्याने कपाट विकत घेण्याआधी माळा रिकामा करावा.

खालचा खण

आता चित्रपट. वाईट चित्रपट तीन प्रकारचे असतात आणि त्यांतला एकच आपल्या कामाचा आहे. पहिला कंटाळून केलेला असतो. त्यात पैसा असतो, जीव नसतो. दुसरा मुद्दाम वाईट केलेला असतो, म्हणजे लोकांनी हसावे म्हणून कच्चे सोंग आणलेला. मला तो बूटलेगसारखा वाटतो, कारण दुसऱ्याच्या प्रामाणिक चुकांची तो नक्कल विकतो. तिसऱ्यात करणाऱ्याला खरोखर काही तरी थोर करायचे होते, त्याने पदरचे पैसे आणि वर्षे घातली, आणि साधने, अनुभव किंवा वेळ अपुरा पडला. हा तिसरा पाहावा.

ओळखण्यासाठी मी तीन प्रश्न विचारते. ऐपतीपलीकडचे काही पडद्यावर आणायचा प्रयत्न दिसतो का? कलाकार प्रसंगावर विश्वास ठेवून काम करत आहेत का? आणि तो प्रसंग दुसऱ्या कोणाच्याही डोक्यातून आला नसता, असे वाटते का? तिन्हींना होकार आला की तो चित्रपट कितीही फसलेला असो, दोन तास कारणी लागतात.

सुरुवात आपल्या शेजारून करता येते. रामसे बंधूंचा १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' हा भयपट सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरात, लहानशा चमूने, कुटुंबातल्या माणसांनीच एकेक खाते सांभाळून चित्रित केला. त्याआधीचा त्यांचा १९७० चा चित्रपट पडला होता. पण त्यातल्या, पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देत असल्याचे या भावांच्या लक्षात आले आणि त्यांनी भयपटाचीच वाट धरली. या चित्रपटांतली धुक्याची यंत्रे आणि रंगवलेले मुखवटे आज कच्चे दिसतात. ते कोणी किती वेळ बसून केले असतील याचा विचार करत पाहिले, तर ते वेगळे दिसू लागतात.

त्यानंतर राजकुमार कोहली यांचा २००२ चा 'जानी दुश्मन : एक अनोखी कहानी' घ्यावा. 'नागिन' हा १९७६ चा लोकप्रिय चित्रपट करणाऱ्या या दिग्दर्शकाने आपल्या मुलाला, अरमान कोहली यांना, इच्छाधारी नागाच्या भूमिकेत घेऊन, हिंदीतले बिनीचे नट गोळा करून आणि संगणकाचे नवे चमत्कार हाताशी धरून हा खेळ मांडला. चमत्कार फसले आहेत. पण मुलासाठी इतके मोठे काही उभे करू पाहणारा बाप प्रत्येक चौकटीत दिसतो, आणि म्हणूनच मला तो पुन्हा पाहावासा वाटतो.

कांती शाह यांचा १९९८ चा 'गुंडा' यमकांत बोलणाऱ्या खलनायकांसाठी प्रसिद्ध आहे आणि या छंदातले लोक तुम्हाला तो पहिल्याच दिवशी सुचवतील. माझा सल्ला वेगळा आहे. त्यात स्त्रियांवरच्या अत्याचाराचे प्रसंग आणि अश्लील भाषा आहे. प्रौढांनी, काय पाहणार आहोत हे आधी समजून घेऊन, खूप नंतर पाहावा, आणि घरात लहान मुले असताना लावू नये.

परदेशी चित्रपटांत दोन पुरेत. 'मॅनॉस : द हँड्स ऑफ फेट' हा १९६६ चा चित्रपट टेक्सासमधल्या एल पासो गावी खतविक्री करणाऱ्या हॅरल्ड वॉरन यांनी, भयपट करणे काही अवघड नाही अशी पैज लावून केला. त्यांचा कॅमेरा एका वेळी जेमतेम ३२ सेकंद चित्रित करू शकत असे, आणि सगळे आवाज नंतर मोजक्या माणसांनी मिळून भरले. हे ठाऊक असले की मध्येच तुटणारी दृश्ये हास्यास्पद वाटत नाहीत. एका माणसाची झटापट वाटतात. दुसरा एड वूड यांचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. बेला लुगोसी हे जुने नामवंत नट १९५६ मध्ये वारले. त्यांचे थोडेसे चित्रण वूड यांच्याकडे होते. ते टाकून न देता त्यांनी त्याभोवती चित्रपट उभारला आणि उरलेल्या दृश्यांत लुगोसींशी मुळीच साम्य नसलेल्या माणसाला चेहऱ्यावर झूल धरून उभे केले.

पाहण्याची संध्याकाळ

चार ते सहा माणसे असावीत. एकट्याने पाहिला तर अर्ध्यात बंद करण्याचा मोह होतो, आणि दहा जण जमले की चित्रपट कोणीच पाहत नाही. चित्रपट हक्क असलेल्या मंचावरून किंवा अधिकृत डीव्हीडीवरून लावावा. अस्सल फिगरसाठी महिनोन्महिने थांबणाऱ्याने चोरीची प्रत उतरवून घेणे बरे दिसत नाही. भडंग आणि चहा आधीच तयार ठेवावा, म्हणजे मध्ये उठावे लागत नाही. ज्याने चित्रपट निवडला त्याने सुरुवातीला पाच मिनिटे तो कोणी, कधी आणि कोणत्या परिस्थितीत केला हे सांगावे.

पहिला अर्धा तास कोणीही शेरा मारू नये, हा आमच्याकडचा एकच कडक नियम आहे. त्या अर्ध्या तासात चित्रपटाची स्वतःची चाल कळते. एकदा ती कळली की येणारे हसू मोकळे असते, कुत्सित नसते. नटांच्या रूपावर, रंगावर, जाडीवर कोणीही बोलायचे नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीता स्वयंवर' उभे केले म्हणून. ज्यांच्यापुढे मराठी नाटकाची चांगलीशी वहिवाट नव्हती त्या पहिल्या नटांकडे त्या दिवशीच्या प्रेक्षकांनी ज्या नजरेने पाहिले असेल, त्या नजरेने पाहावे, असे मी आमच्या मंडळींना सांगते. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि त्यांतल्या जपल्या गेलेल्या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. फिगर जमवणाऱ्याला ही गोष्ट माहीत असायला हवी.

हिंदी चित्रपट अडीच तासांचे असतात, तेव्हा मध्यंतर घ्यावे. संपल्यावर प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: करणाऱ्याला इथे काय साधायचे होते? काय चुकले हे सगळ्यांनाच दिसलेले असते, त्यावर वेळ घालवू नये. मग वही उघडावी, मागच्या बाजूने नवे पान करावे, आणि चित्रपटाचे नाव, वर्ष, कोण कोण हजर होते, आणि प्रत्येकाने सांगितलेली ती एकेक गोष्ट त्याच रात्री लिहून काढावी, कारण सकाळपर्यंत नेमके शब्द विसरायला होतात.